पंचविसांत आपले नाव

जुन्नर-आंबेगावकडच्या लग्नात पंगतींवर पंगती उठल्या नाहीत, तर यजमानाला कमीपणा वाटतो. 2021 मध्ये मात्र 22 एप्रिलपासून शासनाने 25 माणसे, एकच सभागृह आणि 2 तास एवढीच मुभा ठेवली होती. नियम मोडल्यास 50,000 रुपये दंड होता. मंगलाष्टकांआधीची आशीर्वादपर भाषणे त्यामुळे आपोआप गळाली, ही वधूवरांना मिळालेली सवलतच म्हणायची.

नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायची आस धरून बसलेल्या आजीआजोबांना त्या 25 जणांत आपले नाव हवे असे. ही इच्छा गैर नाही. पण दंड त्या 2 तासांसाठी होता. धोका मात्र आदल्या दिवसापासूनच सुरू होतो. मांडवडहाळे, देवक, हळद, जात्याभोवती बसलेल्या बायका, एका खोलीत टाकलेली अंथरुणे, मंचरहून ओतूरपर्यंत काचा लावून नऊ जणांना घेऊन आलेली जीप. आजाराची लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो. तेव्हा ‘आपल्यातलेच आहेत, कोणाला खोकला नाही’ हा भरवसा पुरेसा नाही.

म्हणून मधुमेह, दमा, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, अथवा लसीची दुसरी मात्रा होऊन दोन आठवडे न झालेल्या ज्येष्ठांनी घरीच थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यजमानांनीही यादीतून नाव वगळताना निरोप धाडू नये. घरातल्या कर्त्याने स्वतः दूरध्वनी करून आजोबांशी बोलावे. मानपानाचा रुसवा बहुधा निमंत्रण न मिळाल्याने येत नाही, कोणी विचारले नाही याने येतो.

जाणे अटळच असेल, तर हळदीला जाऊ नका, मुक्काम करू नका. घरच्याच वाहनाने, काचा उघड्या ठेवून, घरच्याच माणसांसह जा. बंद कार्यालयापेक्षा दारातला मांडव बरा. मुखपट्टी नाकावर हवी; छायाचित्रासाठीही खाली ओढू नका. पाया पडायला येणाऱ्यांना दुरूनच हात जोडा. अक्षता तर मुळातच लांबून टाकायच्या असतात! सर्वांत जोखमीची ती पंगत, कारण जेवताना मुखपट्टी उतरते आणि गप्पा रंगतात. जेवण डब्यात घेऊन घरी या. दुपारच्या मुहूर्तासाठी नेहमीची औषधे आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी परतल्यानंतरचे 14 दिवस अधिक जपावे. ज्येष्ठांना ताप, घसा दुखणे, जुलाब किंवा नुसता विलक्षण थकवा आला, तरी ‘लग्नाची दगदग’ म्हणून सोडून देऊ नका, चाचणी करा. दिवसातून दोनदा ऑक्सिमीटर लावा. आकडा 94 च्या खाली गेल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. पुण्यात खाट शोधण्यात रात्र जाण्यापेक्षा आजच मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय यांचे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

घरी राहिलेल्या आजीसाठी मुहूर्ताला भ्रमणध्वनीवर चित्र लावून द्या, हातात अक्षता द्या. नवे जोडपे पाया पडायला पंधरा दिवसांनी आले तरी चालते. तेव्हा अंगणात खुर्च्या मांडा आणि पुरणपोळी त्या दिवशी करा.