कुळाचा आजार म्हणजे ललाटलेख नव्हे



मधुमेह ‘रक्तातच’ असल्यास पथ्य व्यर्थ, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर चुकीचा आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये मांडलेल्या जोखीम-गुणपद्धतीत आई-वडील दोघेही मधुमेही असल्यास १०० पैकी २० गुण धरतात. कंबरेचा घेर आणि बैठेपणा यांना मिळून ५० पर्यंत. मग घराण्याची विचारपूस कशाला? आधी कोणाला तपासायचे, हे ठरवायला. गावोगावच्या आशा आरोग्यसेविका तिशीपुढील लोकांसाठी जो अर्ज भरतात, त्यात आई-वडील-भावंडांच्या रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराचा प्रश्न त्यासाठीच असतो. सोयरिकीच्या धास्तीने तिथे ‘नाही’ सांगणारे तपासणीच्या यादीत मागे पडतात. ‘आमच्यात कोणालाच नाही’ हेही फसवे. ज्यांची साखर कधी मोजलीच नाही, त्यांचा आजार कळणार कसा? लेखकाने निदान एवढी दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, माढा (जि. सोलापूर)