ज्ञानेश्वरसागर ते नाथसागर

गुढीपाडव्याला गोदावरीचे पाणी कावडीने आणून शनीच्या शिळेला घालण्याचा शिंगणापूरचा जुना परिपाठ आहे. ८ एप्रिल २०१६ च्या पाडव्याला मात्र चौथऱ्यावर कोणीही चढू नये असा विश्वस्तांचा निर्बंध होता. स्त्रियांना प्रवेश द्यावयाचा नाही आणि उच्च न्यायालयाचा रोषही ओढवून घ्यावयाचा नाही, तेव्हा पुरुषांनाही बंदी, असा तो चतुर तोडगा होता. कावडी घेऊन आलेल्या पुरुषांनी तो झुगारून दिला आणि चौथऱ्यावर चढून शिळेवर पाणी ओतले. पुरुष चढले म्हटल्यावर स्त्रियांना अडविण्याचा उरलासुरला आधारही गेला. त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला, आणि संध्याकाळपर्यंत स्त्रियांनी शिळेजवळ उभे राहून दर्शन घेतले.

ह्यानंतर चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. लातूर जिच्या खोऱ्यात वसले आहे ती मांजरा गोदावरीलाच जाऊन मिळते. म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात, एकाच आठवड्यात, एकीकडे देवाला पाणी घालण्याचा अधिकार सर्वांना मिळाला आणि दुसरीकडे माणसाला प्यावयास पाणी तीनशेहून अधिक किलोमीटरांवरून आणावे लागले. वर्तमानपत्रांनी ह्या दोन बातम्या दोन वेगळ्या पानांवर छापल्या. पुरोगामी चळवळीनेही त्यांचा एकत्र विचार केला नाही, आणि तो राहून गेलेला विचार राहुरीसारख्या ठिकाणी उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

राहुरी हे यात्रेकरूंच्या दृष्टीने वाटेवरचे गाव. नगर–मनमाड रस्त्याने शिर्डी करून आलेली मोटार येथून शिंगणापूरकडे वळते. पुढे नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांचा पैसाचा खांब, तेथून टोक्याला प्रवरासंगमाचे घाट आणि सिद्धेश्वर, आणि फुरसत असेल तर पैठणला नाथांची समाधी. बहुतेक यात्रेकरूंच्या ध्यानात येत नाही ते एवढेच की, पाण्याचा मार्गही हाच आहे. राहुरी तालुक्यातच बारागाव नांदूरला मुळा नदीवर धरण आहे. त्याची साठवण २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट. त्या धरणाखालून मुळा राहुरी गावावरून जाते, प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते, आणि संगमाच्या घाटापाशीच पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा सुरू होतो. मुळा धरणाच्या जलाशयाला नाव आहे ज्ञानेश्वरसागर आणि जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर. ज्याने विश्वासाठी पसायदान मागितले त्याच्या नावाचा वरचा साठा, आणि ज्याने सर्वांभूती परमेश्वर पाहिला त्याच्या नावाचा खालचा साठा. आणि गेली कित्येक वर्षे ह्या दोन साठ्यांचे न्यायालयात भांडण चालले आहे! नावे ठेवणाऱ्यांना ह्यातला उपहास अभिप्रेत नसावा.

राहुरी तालुक्याचा आणखी एक ऋणानुबंध येथे आठवतो. संतचरित्रकार महिपती हे ह्याच तालुक्यातील ताहराबादचे (१७१५–१७९०). 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' ह्या त्यांच्या ग्रंथांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडीच्या श्रोत्यांना संत घरचे करून दिले. 'भक्तलीलामृता'त त्यांनी एकनाथांचे चरित्र विस्ताराने गायिले. नाथांच्या चरित्रातील एक प्रसंग तर मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेला असतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यावयाची, हे तीर्थयात्रेतले अखेरचे पुण्य; वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसते, आणि नाथ ती गंगा गाढवाच्या तोंडात ओततात. बरोबरचे लोक हळहळतात. नाथांच्या लेखी मात्र रामेश्वराला पाणी तेथेच पावलेले असते. तीर्थाच्या पाण्यावर पहिला हक्क तहानलेल्याचा, असे ह्या कथेचे सरळ म्हणणे आहे. ती कीर्तनात रंगते, शालेय पुस्तकांतून शिकविली जाते. पाटबंधाऱ्याच्या नियमावलीत मात्र तिला अजून प्रवेश मिळालेला नाही.

प्रवेशाचा लढा महाराष्ट्राने मोठ्या तेजाने लढविला, ह्यात संशय नाही. येथे एक क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यानंतर, १९३० साली झाला. पाणी आधी, देऊळ मागून. पुढे साने गुरुजींनी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले व विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडले. १९५६ च्या कायद्याने हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानी कोणाही हिंदूला अडविणे हा गुन्हा ठरला. शिंगणापूरच्या प्रश्नावर २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आंदोलन छेडले. विद्या बाळ प्रभृतींच्या याचिकेवर २०१६ साली उच्च न्यायालयाने त्याच १९५६ च्या कायद्याची आठवण शासनाला करून दिली. कायदा साठ वर्षे पुस्तकात होता. तो चौथऱ्यापर्यंत पोचविण्यास बायांना रस्त्यावर यावे लागले.

पाण्याच्या बाबतीतही कायदा पुस्तकात आला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ सालचा. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, टंचाईच्या वर्षी तूट वरच्यांनी व खालच्यांनी सारखी सोसावी, हे तत्त्व त्याने मान्य केले. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यासाठी आदेश काढला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ साली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे ही टक्केवारी खाली आणावी म्हणूनही वरच्या बाजूने नेट लावण्यात आला. २०२३ साली पाऊस अपुरा पडला आणि ३० ऑक्टोबरला ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम निघाला. त्यात मुळेच्या वाट्याला आले २.१० टीएमसी, प्रवरेच्या धरणांना ३.३६, आणि बाकीचे नाशिककडच्या गंगापूर व दारणा समूहांना. हुकूम ऑक्टोबरचा, पाणी हलले ते नोव्हेंबरच्या अखेरीस, मोर्चे, रास्ता रोको आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या खेपा झाल्यानंतर.

ह्या आकड्यांचा अर्थ सामान्य माणसाला लावून द्यावयास हवा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. लातूरच्या त्या पहिल्या आगगाडीने एक टीएमसी पाणी वाहावयाचे ठरविले, तर छपन्न हजारांहून अधिक खेपा लागतील. नदी हे काम विनामूल्य करते; फक्त तिला वाट मोकळी हवी. पाणी सुटण्याआधी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या पंपांची वीज तोडावी लागते, पात्रावर पहारा बसवावा लागतो. आपल्याच नदीतून आपलेच पाणी पोलीस बंदोबस्तात न्यावे लागावे, ही स्थिती काही निसर्गाने निर्माण केलेली नाही.

राहुरीच्या शेतकऱ्याची बाजू येथे डावलून चालणार नाही. धरणासाठी ह्याच भागातील गावांनी जमिनी दिल्या. कालव्याच्या भरवशावर त्याने कर्ज काढले, ऊस लावला, कारखान्याचा भाग घेतला. त्याला कोणी 'पाणीचोर' म्हटले तर त्याचा संताप रास्तच आहे. परंतु त्याच्या नावाने बोलणारे पुढारी त्याला एक गोष्ट सांगत नाहीत. राज्यातील पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून अधिक. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी सहकारी साखर कारखान्याचा पायंडा पाडला, तेथे साखर सहकारी झाली. पाणी मात्र जमिनीमागे वाटले गेले. ज्याची जमीन कालव्याखाली, त्याचे पाणी. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या, ज्यांच्या डोळ्यांसमोर साठा दिसतो पण ज्यांच्या शिवाराला कालवा चढत नाही, अशा गावांना ह्या वाटणीत स्थान नाही. आणि कालव्याखालच्या गावातल्या भूमिहीन मजुराला तर मुळीच नाही. राहुरी विरुद्ध पैठण असा हा वाद रंगविला की, राहुरीतलीच ही आतली विषमता आपोआप झाकली जाते. ह्या भांडणात कोणाचा लाभ आहे, हे ओळखण्यास फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही.

दुसरी रीत महाराष्ट्रात करून पाहिलेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरावर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर; भूमिहीनालाही वाटा; आणि ऊस नाही. हे नियम कोण्या परदेशी ग्रंथातून आलेले नव्हते. पाण्याने हैराण झालेल्या खेड्यांनी ते पाळून दाखविले. मोठ्या धरणांच्या लाभक्षेत्रात मात्र त्यांचा उच्चारही होऊ दिला गेला नाही.

आता यात्रेकरूकडे वळू. पुरोगामी कार्यकर्त्यांत यात्रेकरूला हसण्याची एक खोड आहे. ती राजकारणाच्या दृष्टीने महागात पडली आहे. पैठणला नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, तेव्हा त्यांच्या स्नानासाठी धरणातून पात्रात पाणी सोडावे लागते. एरवी धरणाखालच्या घाटांच्या पायऱ्यांना पाणी लागत नाही. २०१५ साली नाशिक–त्र्यंबकच्या कुंभमेळ्यात शाहीस्नानासाठी धरणाचे पाणी सोडावे काय, हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. मराठवाडा तेव्हा होरपळत होता. २०२७ च्या सिंहस्थाला पुन्हा तोच प्रश्न उभा राहू शकतो. ह्याचा अर्थ भाविकाने स्नान करू नये असा नाही. वाहती नदी हे भाविकाचे तीर्थ आहे, आणि तीच खालच्या गावाची तहान भागविते. दोघांचे हित एकच आहे. नदी वर्षभर थोडी तरी वाहिली पाहिजे, ही मागणी घाटावरची बाई आणि टँकरच्या रांगेतली बाई दोघीही एका आवाजात करू शकतात. कदाचित ती एकच बाई असेल.

ह्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या ह्या बाईने भारतभर देवळे बांधली, हे सर्वजण सांगतात. देवळांच्या बरोबरीने घाट, बारवा आणि विहिरी बांधल्या, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. तिच्या दानधर्मात देव आणि पाणी ही दोन वेगळी खाती नव्हती. शिर्डी व शिंगणापूरसारख्या ठिकाणी जमणारा पैसा भाविकांचा आहे. त्यातला निश्चित वाटा नदीकाठच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर, वाटेवरच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यावर आणि जुन्या बारवांच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा, असे म्हणण्यात अधर्म कसला?

राहिली गोष्ट पक्षाची. २०२३ च्या हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक पक्षाचे लोक नगर–नाशिककडे एक आणि मराठवाड्यात दुसरे बोलत होते. समाजवादी म्हणविणाऱ्यांनाही हा मोह होतोच. राहुरीच्या सभेत पाणी अडविण्याचा ठराव आणि पैठणच्या सभेत पाणी सोडविण्याचा ठराव, दोन्हींखाली एकच झेंडा. ह्यापेक्षा राहुरीच्या कार्यकर्त्याने राहुरीतच उभे राहून खालच्या खोऱ्याचा हक्क मान्य करावा, आणि पैठणच्या कार्यकर्त्याने पैठणमध्येच नाथसागरातील पाणी उद्योगांना किती, उसाला किती, पिण्याला किती, ह्याचा जाब विचारावा. हे सोपे नाही; राहुरीच्या कार्यकर्त्याला गावात तोंड दाखविणे काही दिवस कठीण जाईल. १९४७ साली पंढरपुरात गुरुजींच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनाही ते कठीणच गेले होते.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणांचे साठे मोजले जातात. ते आकडे कचेरीच्या फायलीत जातात आणि मग वकिलांच्या हाती पडतात. त्या संध्याकाळी राहुरी, नेवासे, टोके आणि पैठण ह्या चारही ठिकाणी, नदीच्या घाटावर, ज्ञानेश्वरसागरात किती आणि नाथसागरात किती हे मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम तालुका शाखांनी अंगावर घ्यावे. दर्शनाला आलेली माणसे तेथे असतातच. कीर्तनकार मिळाला, तर आकड्यांच्या आधी त्याने गाढवाची कथा सांगावी.