अम्मीला खुर्चीत आम्हीच बसवलं

गेल्या पावसाळ्यात अम्मीला न्यूमोनिया झाला. वय सहासष्ट. पाच दिवस दवाखान्यात आणि नंतर घरी जवळपास महिनाभर अंथरुणात. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन कराडला गेलो आणि मुलगा म्हणून सुचेल ते सगळं केलं. स्वयंपाकाला बाई लावली, संडासात कमोड बसवला, पाण्याचा ग्लाससुद्धा तिला उठून घेऊ दिला नाही. नमाजसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. शेजारचे म्हणाले, पोरगा असावा तर असा. मलाही बरं वाटलं.

महिन्याने ताप, खोकला गेला. पण अम्मीला जमिनीवरून उठता येईना. खुर्चीतून उठतानाही दोन्ही हातांचा रेटा लागायचा. आजारी पडेपर्यंत हीच बाई खाली बसून भाकऱ्या थापत होती. मामू म्हणाले, "बेटा, आता वय झालं तिचं."

'वय झालं' हे आपल्या घरांतलं सर्वांत लाडकं निदान. पन्नाशीनंतर कशालाही लावावं. माझ्या मते ते निदान नाहीच, तपास थांबवायची सोय आहे. आमच्या कामात सर्व्हर हळू चालायला लागला तर 'जुना झाला' म्हणून कुणी तक्रार बंद करत नाही. आधी लॉग उघडून बघतात.

शरीरातही बघता येतं. जखम झाली की ती लाल होते, सुजते. हा दाह कामाचा असतो आणि काम झालं की विझतो. वय वाढतं तसा मात्र तो जखम नसतानाही मंद आचेवर चालू राहतो. इटलीचे क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लमेजिंग' हे नाव दिलं. रक्तात सीआरपी, इंटरल्युकिन-६ असे पदार्थ थोडेच, पण कायम वाढलेले राहतात. त्यांच्यामुळे स्नायू झिजतात लवकर आणि भरून येतात उशिरा. लुइजी फेरुची आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत दाखवलं, की धडपणे चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी ज्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त होतं, त्यांना पुढच्या काही वर्षांत चालणं, जिना चढणं जड जाण्याची शक्यताही जास्त होती.

या आगीला सरपण कुठून मिळतं? पोटावरची चरबी, मधुमेह, तंबाखू, सुजलेल्या हिरड्या. आणि बसून राहणं. अम्मीकडे यातलं बरंच काही आहे; मिश्री तर चाळीस वर्षांची. त्यात न्यूमोनियाने भडका उडवला आणि बसवून ठेवायचं काम मी केलं. २००७ मधल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं सरासरी सुमारे एक किलो मांस गेलं. त्यांना कसलाही आजार नव्हता, हे लक्षात घ्या.

मग दाह कमी करणारी गोळी द्यावी, हा विचार माझ्याही मनात आला. तोही प्रयोग झालाय. सत्तरीपुढच्या, चाल मंदावलेल्या लोकांना लोसार्टन आणि माशाचं तेल देऊन पाहिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. इंटरल्युकिन-६ कमी झालं नाही आणि चालही सुधारली नाही. उलट २०१४ च्या 'लाइफ' अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांपैकी निम्म्यांना नियमित चालायला आणि पायांचे व्यायाम करायला लावलं. ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणारे व्यायाम न करणाऱ्या गटात ३५.५ टक्के निघाले, या गटात ३०.१ टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. बॉस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, तर पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीच्या!

आता जे कुणाला आवडणार नाही ते बोलतो. अब्बा पाच वेळा मशिदीत चालत जातात. तेवढी हालचाल त्यांना आयतीच मिळते. अम्मीच्या पिढीतल्या आपल्या बायकांना घरकाम सोडून दुसरी हालचाल कुठे होती? सून आली, मुलगा कमावता झाला की तेही आपण प्रेमाने काढून घेतो. वर संध्याकाळी एकटी फिरायला निघाली तर लोक काय म्हणतील, ही भीती आहेच. आपण याला खिदमत म्हणतो. खुर्चीवरच्या नमाजचंही तेच. ज्याला जमत नाही त्याला सवलत आहेच, पण जिला अजून उठता येतं तिच्यासाठी खुर्ची आणायची घाई आपल्याला का असते?

फिजिओथेरपिस्टने तीच खुर्ची भिंतीला टेकवली. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. पंधरा सेकंदांच्या वर वेळ लागला तर पायांत ताकद कमी आहे असं समजतात. पहिल्या दिवशी अम्मीला हात सोडून एकदाही उठता आलं नाही. हृदयाचा काही त्रास नाही ना, हे डॉक्टरांना विचारून घेतलं, रोज अंडं आणि वाटीभर जास्त डाळ सुरू केली. स्वयंपाकाच्या बाईंची सकाळची वेळ बंद केली, त्यावर बहीण माझ्यावर चिडली.

चार महिने झाले. परवा पाच वेळा उठबस करायला सतरा सेकंद लागले. संध्याकाळी ती शेजारच्या खालांना घेऊन प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येते. मिश्रीची डबी मात्र अजून उशीखाली असते आणि त्यावरून आमचं रोजचं भांडण चालू आहे.