नोकरी शाळेची, व्हिसा कुणाचा?

कोकणातल्या मोहल्ल्यांत आखाताशी संबंध नसलेलं घर सापडणं कठीण. पूर्वी त्या वाटेनं बहुतेक पुरुषच जात, आता बी.ए., बी.एड. झालेल्या आपल्या लेकी-सुनाही दुबई-शारजाच्या शाळांत इंग्रजी शिकवायला जातात. पगार किती, घरभाडं कोण देणार, हे सगळे विचारतात. व्हिसा कुणाच्या नावावर, हे फारसं कुणी विचारत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत सरळ वाट म्हणजे शाळेनं काढलेला व्हिसा. तो काढण्याचा खर्च शाळेनंच करायचा. 2021 च्या कामगार कायद्यानुसार तो शिक्षिकेकडून वसूल करता येत नाही. पगार दरमहा 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायला जागा असेल, तर बाकीच्या अटी पाळून ती स्वतः कुटुंबाला बोलावू शकते. 2019 पासून तिथे हुद्द्याऐवजी कमाई पाहतात. अडचण एकच: नोकरी गेली की व्हिसाही जातो.

नवरा आधीच तिकडे असेल तर पत्नी त्याच्या व्हिसावर राहून शिकवू शकते. पण नवऱ्याचा व्हिसा म्हणजे कामाची परवानगी नव्हे! शाळेनं कामगार मंत्रालयातून वर्क परमिट काढलंच पाहिजे. अशा बाया शाळांना हव्याच असतात, कारण व्हिसाचा खर्च वाचतो. मग विमानभाडं नाही, घरभाडं नाही, आणि पगारही कमी सांगितला जातो. "नवऱ्याचं घर आहेच की," असं वर ऐकवतात. घर नवऱ्याचं असलं तरी वर्गात उभी ती राहते. तेव्हा इथे संकोच न करता घासाघीस करावी. ग्रॅच्युइटीचा हक्क तर कुठेच जात नाही: एक वर्ष भरल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. मात्र नवऱ्याची नोकरी सुटली, तर तिची नोकरी शाबूत असूनही राहण्याचा परवाना धोक्यात येतो. तेव्हा शाळा आपल्या नावावर व्हिसा काढून देईल का, हे रुजू होतानाच विचारून ठेवावं.

व्हिजिट व्हिसावर "आधी ये, मग बघू" म्हणणाऱ्याच्या नादी अजिबात लागू नये. परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्याला 2024 पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. आणि पकडल्यावर ती मुलगीही सुटत नाही. घरी शिकवण्या घ्यायच्या असल्या तरी परवाना लागतो. डिसेंबर 2023 पासून तो दोन वर्षांसाठी आणि फुकट मिळतो.

पदवीची कागदपत्रं इथूनच साक्षांकित करून न्यावीत: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास. याला वेळ लागतो, तिकीट काढून मग धावपळ नको. एजंट ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का ते पाहावं. त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

लग्न न झालेल्या किंवा नवरा गावीच असलेल्या मुलीनं शाळेच्याच व्हिसावर जावं, असं मला वाटतं. करारावर सही करण्यापूर्वी मूळ पगाराचा आकडा वेगळा लिहिलेला आहे का, ते तपासावं. ग्रॅच्युइटी त्याच आकड्यावर मोजतात. आणि पासपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवायला देऊ नये. तो ठेवून घेण्याचा हक्क तिथल्या कायद्यानं मालकाला दिलेला नाही.