पोरांच्या हातात खराटा नको, मोजपट्टी द्या!



स्वातंत्र्यदिन आला, प्रजासत्ताकदिन आला, की आपल्याकडे गावोगाव एक चित्र ठरलेले असते. प्रभातफेरी निघते, झेंडावंदन होते आणि मग शाळेतल्या पोरांच्या हातात खराटे देऊन ग्रामपंचायतीपासून मारुतीच्या पारापर्यंत रस्ता झाडून घेतला जातो. फोटो निघतो. अकरा वाजता पोरे घरी जातात आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावर पुन्हा कचरा पडतो. याला आपण श्रमदान म्हणतो. पण खरे सांगा, त्यातून पोरगं काय शिकलं? आणि गावाला काय मिळालं?

स्वच्छता वाईट, असे कोण म्हणेल? प्रश्न वेगळाच आहे. शाळेतल्या मुलांकडून गावाची सेवा घ्यायची असेल, तर ती सेवा गावाला खरोखर हवी असली पाहिजे आणि ती करता करता मुलांचा धडाही पक्का झाला पाहिजे. या दोन्ही गोष्टी जुळल्या तर ते शिक्षण. नाही जुळल्या तर ती नुसती फुकटची मजुरी.

हा विचार काही नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींनी नई तालीम मांडली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा तिचा गाभा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा शाळेत आणा म्हणून सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. म्हणजे कागदावर काहीच कमी नाही. मग अडले कुठे? कार्यानुभवाचा तास कागदी फुले आणि फुलदाण्यांत गेला. गुणपत्रिकेत श्रेणी पडली आणि विषय संपला. शाळेच्या कुंपणाबाहेर तो पोचलाच नाही.

कुंपणाबाहेर तो कसा पोचतो, हे बघायचे असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यातले हे अवर्षणग्रस्त गाव. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. गावच्या हायस्कुलातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायला लावले. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य असे चार भाग केले. शिकवायला गावातलेच कारागीर आणि जाणते लोक घेतले. पोरे नुसता सराव करून थांबली नाहीत. माती तपासणे, जोडकाम, बांधकाम, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे अशा गावाला लागणाऱ्या सेवा त्यांनी दिल्या. पुढे 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणून हा अभ्यासक्रम राज्यातल्या इतर शाळांतही गेला. त्यातली मेख एवढीच, की पोराने केलेले काम कुणाच्या तरी उपयोगी पडणार असते. म्हणून ते नीट करावे लागते. वहीतले गणित चुकले तर लाल फुली बसते. गावाचे काम चुकले तर शेजारच्या काकांचे नुकसान होते. ही जबाबदारीच मोठी गुरू आहे.

आता आपल्या पैठण तालुक्यात काय करता येईल ते बोलू. आपल्याकडे वेगळी प्रयोगशाळा नसली तरी चालेल. तीन कामे सुचवतो. तिन्ही जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेला जमतील अशी आहेत.

पहिले काम विहिरींच्या पाण्याचे. नाथसागराच्या काठचा आपला तालुका, पण धरण उशाला आणि कोरड घशाला अशी कित्येक गावांची गत आहे. भूजल विभाग निवडक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजतो. पण अशी विहीर प्रत्येक गावात कुठून असणार? शाळेने गावातल्या आठ-दहा विहिरी ठरवाव्यात. टेपला वजन बांधायचे, सोडायचे आणि कठड्यापासून पाणी किती मीटरवर आहे ते लिहायचे. मे महिन्यात सुटी असते, तेवढे माप पालकांनी घ्यावे. बाकीचे तीन महिने शाळा चालूच असते. पोरांना सरासरी कळते, आलेख कळतो, भूगोल कळतो.

आणि शेतकऱ्याला? मोसंबीवाल्यांनी २०१२-१३ चा दुष्काळ आठवावा. आंबिया बहराची फळे उन्हाळाभर पोसावी लागतात. पाणी पुरले नाही तर फळ तर जातेच, पण कित्येकांच्या बागाही गेल्या. पंधरा-पंधरा वर्षे जपलेली झाडे सरपणाला गेली. ऑक्टोबर-जानेवारीची पाणीपातळी दोन-चार वर्षांच्या आकड्यांशी ताडून बघता आली, तर बहर धरायचा की यंदा नुसते झाड जगवायचे, हे ताण तोडायच्या आधी ठरवता येईल. हा निर्णय लाखाचा आहे आणि त्याला लागणारा आकडा सातवीचे पोर काढू शकते.

दुसरे काम बियाण्याच्या उगवणीचे. घरचे सोयाबीन, हरभरा पेरणारे बरेच आहेत. न उगवलेल्या बियाण्याने दुबार पेरणीची पाळी आली की हंगाम हातचा जातो. उगवण तपासायला खर्च काहीच नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी अशा शंभर बिया मांडायच्या, वर दुसरे ओले गोणपाट टाकायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सातव्या-आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. शंभरातले जेवढे उगवले तेवढे टक्के. सोयाबीन सत्तर टक्के उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच टक्के उगवले तर किती लागेल? सातवीच्या व्यस्त प्रमाणाच्या धड्यात बसणारे हे उदाहरण आहे. ३० गुणिले ७०, भागिले ६०, उत्तर ३५ किलो. पोराने हे उत्तर फळ्यावर काढले तर ते शाळेपुरते. चुलत्याच्या घरी जाऊन सांगितले तर एकराचे पीक वाचते. खरिपाची तपासणी सुटी लागायच्या आत एप्रिलात आणि रब्बीची सप्टेंबरात करावी. मात्र बियाणे घरचे, औषध न लावलेलेच घ्यायचे. विकतच्या, औषध चोळलेल्या बियाण्याला मुलांचा हात लागता कामा नये.

तिसरे काम गोदाकाठच्या गावांसाठी. २००६ ला पूर आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा आला. पाणी ओसरले की आपण विसरतो. पाणी कुठपर्यंत आले होते, असे दहा जणांना विचारले तर दहा ठिकाणे दाखवतात. मुलांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारावे, भिंतीवरच्या खुणा शोधाव्यात आणि शाळेच्या, मंदिराच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने पट्टा ओढून वर्ष लिहावे. गावाच्या नकाशावर पूररेषा काढून तो ग्रामपंचायतीत लावावा. उद्या कुणी घर बांधायला, गोठा घालायला, कडब्याची गंजी रचायला निघाला तर आधी तो पट्टा बघेल. इतिहास आणि भूगोल एकत्र शिकवणारा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आता यावर आक्षेप येणार आणि ते यायलाच हवेत. पालक म्हणतील, "पोराला शिकायला पाठवलं, राबायला नाही." बरोबर आहे. म्हणून काही गोष्टी आधीच पक्क्या करा. फवारणी झालेल्या रानात मुलांना नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरू नका. कठडा नसलेल्या विहिरीजवळ पोर जाता कामा नये. कठड्याच्या विहिरीवरही मोठे माणूस सोबत हवेच. आणि आणखी एक, जरा स्पष्टच बोलतो. गावाचे काम म्हटले की झाडायला मुली आणि ठरावीक वस्तीतली मुले, लिहायला मात्र दुसरी मुले, असे होऊ देऊ नका. टेप धरणे, वही भरणे आणि ग्रामसभेत उभे राहून वाचणे ही सगळी कामे पाळीपाळीने सगळ्यांना मिळाली पाहिजेत.

गुरुजी म्हणतील, आधीच अंगावर कामे काय थोडी आहेत? त्यांचेही खरे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून गुरुजींना अशैक्षणिक कामाला लावायला मनाई केली, तरी कागदांचा ढीग हटलेला नाही. म्हणून हे काम शाळेच्या वेळेनंतर नको आणि वेगळ्या अहवालासाठी तर नकोच. गणिताच्या, भूगोलाच्या, कार्यानुभवाच्या तासातच ते बसवा. मोजमाप शिकवायला कृषी खात्याचा माणूस बोलवा. ते आमचे कामच आहे.

पण खरी कसोटी गावाची आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावात मी सातवीच्या मुलांना विहिरी मोजायला शिकवले. पोरांनी बावीस विहिरी मोजल्या, मोठा तक्ता केला, रंगवला. ग्रामसभा भरली, घरकुलाच्या यादीवरून वाद पेटला आणि सभा उठली. तक्ता गुंडाळलेला तसाच राहिला. बाहेर एका मुलीने विचारले, "साहेब, आमचं वाचलंच नाही का?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या सभेला तरी तो मांडायला मी जायला हवे होते, तेही झाले नाही. त्या दिवशी ती मुले एक धडा पक्का शिकली, की गावासाठी केलेले काम गाव बघत नाही. असला धडा आपण पोरांना देणार का?

म्हणून सरपंच मंडळींना हात जोडून सांगणे आहे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'शाळेचा अहवाल' हा विषय पहिल्या तीनात ठेवा. पाचच मिनिटे द्या, पण मुलांना बोलू द्या. त्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर काय करणार, हे तिथल्या तिथे सांगा आणि इतिवृत्तात लिहा. टेप, वही, गोणपाट, रंगाचा डबा, एवढाच काय तो खर्च. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात. त्यांनी येत्या बैठकीत यातले एक काम निवडावे. तिन्ही नकोत, एकच घ्या, पण वर्षभर चालवा.

ज्या नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, त्यांच्या पैठणात सेवा म्हणजे काय हे मी वेगळे काय सांगणार? तहान कुणाला लागली आहे हे आधी बघायचे, मग पाणी द्यायचे. आपल्या पोरांना तेवढे बघायला शिकवू या. खराटा काय, तो मोठ्यांच्या हातातही शोभतो!