अंथरूण पाहून वेग वाढवा

विद्यार्थी मित्रांनो, थोडक्या पैशांत संगणक वेगवान करण्याची हौस तुमच्यापैकी अनेकांना असते. कारखान्याने नेमून दिलेल्या कंप्रतेहून अधिक कंप्रतेवर प्रोसेसर चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ही हौस वाईट नाही. मात्र स्वस्त मदरबोर्डावर ती कुठवर न्यावी, हे आधी कागदावर ठरवावे, असे माझे मत आहे.

एएमडी कंपनीचा २०१२ सालचा एफएक्स-८३५० हा प्रोसेसर घ्या. तो आज जुन्या मालात स्वस्त मिळतो. त्याची कंप्रता ४ गिगाहर्ट्झ व शक्तिमर्यादा १२५ वॅट. सुमारे १.३ व्होल्टला १२५ वॅट म्हणजे ९६ अँपिअर प्रवाह! घरातला २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला जेमतेम ९ अँपिअर घेतो. १२ व्होल्ट खाली उतरवून हा प्रचंड प्रवाह पुरविण्याचे काम मदरबोर्डावरील मॉस्फेट व वेटोळी करतात. स्वस्त बोर्डावर ती मोजकीच असतात. पुष्कळदा त्यांवर हीटसिंकही नसतो. काही बोर्ड तर ९५ वॅटपुरतेच बनविलेले असतात.

आता गणित पाहू. शक्ती ही कंप्रतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास १.१ × १.१ × १.१ = १.३३. म्हणजे वेग १० टक्के वाढला, शक्ती ३३ टक्के! प्रवाह २१ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच्या वर्गानुसार मॉस्फेटच्या रोधात होणारी उष्णता सुमारे ४६ टक्क्यांनी. कंपनीने २०१३ मध्ये याच रचनेचा एफएक्स-९५९० काढला. कंप्रता ४.७ गिगाहर्ट्झ, पण मर्यादा २२० वॅट. तो पेलणारे बोर्ड मोजकेच व महागडे होते.

स्वस्त बोर्डावरील मर्यादा उठविली, तर तापलेला बोर्ड बहुधा स्वतःच वेग उतरवितो, आणि तसे न झाल्यास जळतोही. घरच्यांचे पैसे वाया जातात ते वेगळेच.

त्यापेक्षा व्होल्टेज न वाढविता कंप्रता थोडीथोडी वाढवावी. दर खेपेस तापमान व चाचणीचा निकाल वहीत नोंदवावा. संगणक अडखळला की एक पायरी मागे यावे. कित्येकदा व्होल्टेज किंचित कमी करूनही तोच वेग टिकतो. वाचलेले वॅट मग कंप्रतेसाठी वापरता येतात. विद्युतशक्तीचा धडा शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे.

तुमचे मत निराळे असल्यास अवश्य मांडा. मात्र सोबत आकडेमोड हवी!