उसवलेला स्वेटर

मंडळी, नातवासाठी दोन महिने विणलेला स्वेटर परवा पूर्ण झाला... आणि त्याच्या डोक्यातूनच जाईना! नमुना अमेरिकेतला, लेकीने पाठवलेला. त्यात १० नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, मी कपाटातल्या १० नंबरच्या घेतल्या. आपली १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची ६ मिलिमीटरची! आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. आधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजले असते तर तेव्हाच कळलं असतं.

लेक म्हणाली, "असू दे गं आई, बाहुलीला होईल." पण जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, आता स्वतःची चूक बाहुलीच्या अंगात कशी घालू? सगळा उसवला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

आपण सगळ्याजणी पूर्ण झालेल्या वस्तूंचेच फोटो दाखवतो. माझं मत, उसवलेलंही दाखवावं. नाहीतर नव्याने शिकणाऱ्या मुलींना वाटतं, चुका फक्त आपल्याच होतात.

असो. लोकरीच्या लड्या धुऊन वाळवल्यात. उद्या पुन्हा टाके घालीन... आधी तुकड्याचे!